जोडी बसवणे : ट्रकचा डिफरन्शियल, कोकणातले घाट आणि एक जुनी चूक

(मालवण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

 

मागच्या वेळी मी विषय सांगितला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुमचा आणि ट्रकच्या डिफरन्शियलचा संबंध काय?" संबंध असा की माझ्या वडिलांचा एक ट्रक होता, मालवणातच. तो ट्रक मी एकदा घाटात बंद पाडला. गाडी मी चालवत नव्हतो, तरी बंद मीच पाडला. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं झाली. पुढे आयुष्यभर मी 'ज्ञान म्हणजे काय' हे मुलांना शिकवलं आणि ही गोष्ट वर्गात एकदाही सांगितली नाही. आज सांगणार आहे. पण आधी इतिहास, कारण इतिहासाशिवाय चूक कुठे झाली ते कळायचं नाही.

प्रश्न अगदी साधा आहे. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. बैलगाडीला याचा त्रास होत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर सुटी असतात. ओढणारे बैल पुढे, चाकं मागून आपापल्या गतीने येतात. त्रास सुरू होतो तो चाकालाच जोर द्यायचा ठरलं की. एका दांड्यावर दोन्ही चाकं घट्ट बसवली आणि तो दांडा इंजिनाने फिरवला, तर दोन्ही चाकं सारखीच फिरणार. मग वळणावर एक चाक घासणार, नाहीतर दांडा पिळवटणार.

हा फरक किती असतो? फोंडाघाटातलं किंवा आंबोलीतलं एखादं पूर्ण उलटं वळण डोळ्यांसमोर आणा. गाडी जिथून आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहते, असं. ट्रकच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरा. अर्ध्या वर्तुळाचा हिशेब केला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ५.६५ मीटर जास्त जातं. गंमत अशी की वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. एका वळणाला साडेपाच मीटरच्या वर. घाटात अशी वळणं किती, ती तुम्हीच मोजा.

आगगाडीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. आगगाडीची चाकं एका आसावर घट्टच असतात, तिला डिफरन्शियल नसतो. तिची चाकं किंचित शंकूसारखी उतरती घडवलेली असतात. वळणावर आस थोडा बाहेर सरकतो, मग बाहेरचं चाक मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर चालतं. पण आपल्या या किनाऱ्याला रेल्वे केव्हा आली? कोकण रेल्वेवर सलग गाड्या सुरू झाल्या त्या १९९८ साली. तोवर आमचा माल जायचा तो आधी समुद्राने आणि नंतर ट्रकने. म्हणून आपल्या भागाच्या इतिहासात डिफरन्शियलला जागा द्यायला हवी. ती मात्र कुणी दिलेली नाही.

आता शोध कुणाचा? चीनमध्ये तिसऱ्या शतकात दक्षिण दिशा दाखवणारा एक रथ होता असं तिथले ग्रंथ सांगतात. गाडी कशीही वळली तरी त्यावरच्या बाहुलीचा हात दक्षिणेकडेच राहायचा. त्यात डिफरन्शियल असावा असा तर्क विसाव्या शतकात काही जणांनी मांडला. पण तो रथ उरलेला नाही, म्हणून तर्काला तर्कच म्हणावं. आपल्याकडे 'हे सगळं आमच्याकडे होतंच' म्हणण्याची हौस फार आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पक्कं सांगता येतं ते पॅरिसचं. ओनेसिफोर पेकर नावाचा एक घड्याळजी होता. तिथल्या कला आणि उद्योगांच्या राष्ट्रीय संस्थेत तो काम करायचा. त्याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी या यंत्रणेचं पेटंट घेतलं. घड्याळजी होता, हे लक्षात ठेवा. दोन वेगळ्या गतींची बेरीज-वजाबाकी दातांच्या चाकांनी करणं हे घड्याळजींच्या अंगवळणी पडलेलं होतं. १८७७ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने ते तीनचाकी सायकलला लावलं. १८८६ मध्ये कार्ल बेंझने ज्या मोटारीचं पेटंट घेतलं, तिच्यातही डिफरन्शियल होता. म्हणजे मोटार जन्माला आली तीच डिफरन्शियल घेऊन.

कल्पना एकाच वाक्याची आहे: दोन चाकांच्या गतींची सरासरी ठरलेली, वाटणी मोकळी. मध्ये चार लहान पिनियन क्रॉसवर बसवलेले, गॅरेजमध्ये त्यांना स्टार म्हणतात. त्यांच्या दोन बाजूंना दोन गिअर, दोन चाकांचे. सरळ रस्त्यावर स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा गोळा एकत्र फिरतो. वळणावर ते स्वतःभोवती फिरायला लागतात. मग एका चाकाची गती जितकी कमी होते, नेमकी तितकीच दुसऱ्याची वाढते. जोर मात्र दोन्हीकडे सारखाच जातो.

या 'सारखाच' शब्दात एक खोच आहे. तारकर्लीच्या पुळणीत वाळू भरताना किंवा पावसात चिऱ्याच्या खाणीतून बाहेर येताना एक चाक भुसभुशीत जागेत गेलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय. ते एकटंच गरगर फिरतं, दुसरं घट्ट जमिनीवर असूनही मख्ख उभं राहतं. कारण रुतलेल्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. सगळ्या ट्रकची ताकद त्याच्या सगळ्यात कमजोर चाकावर ठरते. मग माडाची झापं, नाहीतर गोणपाट चाकाखाली घालायचं. पेकरच्या युक्तीची ही दुसरी बाजू.

इथवर युक्तीचा इतिहास झाला, आणि पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. खरं अवघड पुढे आहे. इंजिनाचा जोर लांब शाफ्टने मागे येतो, पण चाकं त्या शाफ्टला आडवी. तो जोर काटकोनात वळवायचा. त्यासाठी शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन आणि त्याला लागून मोठं, परातीसारखं क्राऊन. समजा पिनियनला ६ दात आहेत आणि क्राऊनला ४१. म्हणजे शाफ्ट जवळजवळ सात वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. गती घटते, जोर वाढतो, आणि त्या जोरावर भरलेला ट्रक घाट चढतो. ४१ आणि ६ हे आकडेही विचार करून घेतलेले आहेत. दोघांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतोच. भेटी २४६. त्या पुऱ्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. झीज सगळ्यांत वाटली जाते.

असे तिरके दात कापायचे कसे, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न होता. अमेरिकेत रॉचेस्टर गावी विल्यम ग्लीसन नावाच्या मूळच्या आयरिश कारागिराने १८७४ मध्ये ते कापण्याचं यंत्र केलं. योगायोग पाहा: त्याच १८७४ साली इंग्लंडातल्या दुसऱ्या रॉचेस्टरमध्ये एव्हलिंग आणि पोर्टर यांच्या कारखान्याच्या यादीत मागच्या आसाला डिफरन्शियल लावलेलं वाफेचं वाहन होतं. ग्लीसनची मुलगी केट वडिलांच्या कारखान्यात वाढली, १८८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात यंत्रविद्या शिकायला गेली आणि पुढे युरोपभर फिरून तिने ही यंत्रं विकली. याच कारखान्याने १९१३ च्या सुमारास वळणदार दात कापण्याचं यंत्र आणलं. सरळ दात एकदम आदळतात. वळणदार दात एका टोकापासून दुसऱ्याकडे सरकत भेटतात, म्हणून आवाज कमी आणि ताकद जास्त. आपल्या ट्रकमध्ये जी जोडी असते ती याच घराण्यातली.

मी 'जोडी' म्हणतोय, त्यामागे कारण आहे. दात कापून झाले की पोलाद भट्टीत कडक करतात. त्या उष्णतेत ते किंचित वाकतं, कितीही काळजी घेतली तरी. म्हणून क्राऊन आणि पिनियन एकमेकांत अडकवून, मध्ये बारीक घासणारं द्रव्य घालून फिरवतात. दोघं एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे होतात. मग दोघांवर एकच नंबर कोरतात. त्यानंतर ते दुसऱ्या कुणाचे राहत नाहीत. एक नवं, एक जुनं, असं चालत नाही. दुकानात पिनियन एकटं मागितलं तर जाणता दुकानदार देत नाही.

आता आपल्या देशात येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या फोर्ड आणि शेव्हरोले गाड्या देशभर मालवाहतुकीला लागल्या. त्याच सुमारास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४५ मध्ये जमशेदपूरला टेल्को सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं करायला. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आला. तो करार १९६९ मध्ये संपला. नाकावरचा तारा गेला, त्या जागी टाटांचं अक्षर आलं. गाडी तीच राहिली.

आणि आमचा किनारा? मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला ही सगळी बंदरं. आगबोटीने मुंबईला जायचं, मालही तिनेच. पण पावसाळ्यात समुद्र बंद, आणि बोट घाट चढून कोल्हापूरला जात नाही. स्वातंत्र्यानंतर रस्ते सुधारत गेले, एसटी आली, पाठोपाठ ट्रक आले. वर जायचं ते आंबे, सुकी मासळी, चिरे घेऊन, आणि खाली यायचं ते गूळ, कांदे, धान्य घेऊन. घाट चढताना सगळा भार त्या क्राऊन-पिनियनच्या दोन-तीन दातांवर. एका वेळी तेवढेच दात भेटत असतात. देवगडचा आंबा कोल्हापुरात पोचायचा तो त्या दोन-तीन दातांवरून.

जमशेदपूरला किंवा जर्मनीत जोडी घासून तयार व्हायची. पण ती ट्रकात बसवायची कुणी? कारखान्यात पहिल्यांदा बसवली ती यंत्रांनी आणि मापांनी. दोन-चार लाख किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा बसवायची वेळ आली की गाडी कसालच्या रस्त्याला, फणसाच्या झाडाखाली उभी असायची. तिथे मेस्त्री असायचे.

आमच्या गाडीचे मेस्त्री वडिलांच्याच वयाचे. शिक्षण चौथी. आम्ही मुलं त्यांना मेस्त्रीकाका म्हणायचो. ते काम कसं करायचे ते नीट सांगतो, कारण मराठीत हे कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

आधी दोन्ही बाजूंचे एक्सल ओढून काढायचे. मग मधला गोळा सोडवायचा. तो क्विंटलच्या वर भरतो. फणसाच्या फांदीला चेनपुली बांधून तो उतरवायचे. मग जुनी जोडी काढून रॉकेलने सगळं धुवायचं. नवी जोडी हातात घेतली की पहिली गोष्ट दोन्हींवरचे नंबर जुळतात का ते पाहायचं. पिनियनच्या तोंडावर आणखी एक बारीक आकडा असतो, अधिक किंवा उणे. ठरलेल्या जागेपेक्षा हे पिनियन किती पुढे किंवा मागे बसवायचं, त्याचा तो आकडा. त्याप्रमाणे पिनियनच्या बेअरिंगपाशी पातळ चकत्या घालायच्या. त्यांना शिम म्हणतात. पाव मिलिमीटर, दहावा हिस्सा, अशा जाडीच्या.

दुसरं, बेअरिंगचा ताण. पिनियन ढिलंही नको आणि आवळून बसलेलंही नको. मेस्त्रीकाका त्याच्या पट्टीला सुतळीचे वेढे द्यायचे आणि सुतळीच्या टोकाला ताणकाटा लावून ओढायचे. मासळी बाजारात बांगडे तोलतात तोच टांगायचा काटा. पिनियन फिरत असताना काटा काय दाखवतो ते बघायचं. पहिल्या हिसक्याचा आकडा धरायचा नाही. ही रीत पुस्तकातही आहे. काटा तेवढा मालवणचा.

तिसरं, दातांमधली ढिलाई, बॅकलॅश. ती गाडीप्रमाणे बदलते, पण साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर समजा. वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवले तर होतील तेवढी. डायल गेज नसायचा. पागाच्या जाळ्याला लावायचं शिसं ठोकून त्याची पातळ पट्टी करायचे, ती दातांमध्ये घालून क्राऊन फिरवायचे आणि चेपलेली पट्टी मायक्रोमीटरने मोजायचे. दोन बाजूंच्या मोठ्या चक्र्या फिरवल्या की क्राऊन पिनियनच्या जवळ किंवा दूर सरकतं, ढिलाई कमी-जास्त होते.

आणि चौथं, शेंदूर. मारुतीला लावतात तोच. तेलात कालवून क्राऊनच्या पाच-सहा दातांना लावायचा. क्राऊनला लाकडाने थोडा अडवून पिनियन पुढे-मागे फिरवायचं. जिथे दात दाताला टेकला तिथला शेंदूर पुसला जातो आणि एक ठसा उमटतो. तो ठसा दाताच्या मधोमध, लांबट, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला हवा. किंचित झुकलेला का? कारण भार आला की सगळं थोडं वाकतं आणि ठसा बाहेर सरकतो. ठसा दाताच्या शेंड्यावर असेल तर पिनियन आणखी आत घ्यायचं. मुळाशी दबलेला असेल तर बाहेर. आतल्या टोकाला गेला तर क्राऊन दूर, बाहेरच्या टोकाला गेला तर क्राऊन जवळ. प्रत्येक बदलानंतर पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. पिनियनची शिम बदलायची म्हणजे बेअरिंग उतरवायचं, अर्धा दिवस जायचा.

आता माझी गोष्ट. १९७४ चा मे महिना. मी नुकताच तत्त्वज्ञानात एम. ए. झालो होतो आणि अंगात शहाणपणा मावत नव्हता. गाडीचा डिफरन्शियल ओरडायला लागला होता. वडिलांनी कोल्हापूरहून नवी जोडी आणली. मी एका मित्राकडून इंग्रजी मॅन्युअल मिळवलं, डायल गेजही आणला. फणसाखाली बसून मी पानं वाचायचो आणि मेस्त्रीकाकांना सांगायचो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डायल गेजने ढिलाई मोजली. पुस्तकात दिलेल्या हद्दीत, अगदी मधोमध. मी खूश. मेस्त्रीकाकांनी शेंदूर लावला, ठसा पाहिला, कंदील जवळ घेऊन पुन्हा पाहिला. ठसा दाताच्या मुळाशी दबलेला होता. ते म्हणाले, "झिला, आकडो बरोबर आसा. पण दात एकामेकाक भेटणत नाय. उद्या परत उघडूया."

आंब्याच्या पेट्या भरून तयार होत्या, आमच्या आणि चार शेजाऱ्यांच्या. मी म्हटलं, आकडा बरोबर आहे ना? पुस्तक जर्मनीतल्या इंजिनिअरांनी लिहिलंय. वडील घरी नव्हते, निर्णय माझ्यावर होता. मेस्त्रीकाका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुमची गाडी." इतका वेळ मी झील होतो. त्या वाक्यात मी मालक झालो.

पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत ड्रायव्हर म्हणाला, आवाज येतोय. तिसऱ्या फेरीत फोंडाघाट चढताना मोठा आवाज झाला आणि गाडीचा जोर गेला. गाडी मागे यायला लागली. ड्रायव्हरने ब्रेक धरले, क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला. माणसं वाचली, हे आधी सांगतो. गाडी दोन दिवस तिथेच उन्हात उभी राहिली, पेट्यांतला आंबा पिकून काळा पडला. शेजाऱ्यांचे पैसे वडिलांनी दोन वर्षांत फेडले. मला एक शब्दही बोलले नाहीत.

मेस्त्रीकाका हत्यारांची पिशवी घेऊन एसटीने घाटात आले. गोळा उघडला. पिनियनचे दोन दात तुटले होते. क्राऊनच्या दातांवर मुळाशी चकचकीत पट्टा पडला होता, बरोबर शेंदराचा ठसा उमटला होता तिथे. त्यांनी बोट ठेवून ती जागा मला दाखवली. बोलले काही नाहीत. हात पुसायला फडकं दिलं.

चूक काय होती? आकडा खोटा नव्हता. मोजमापही चुकलं नव्हतं. पण तीच ढिलाई दोन रीतींनी मिळते. पिनियन आणि क्राऊन दोन्ही आपापल्या जागी असले तरी मिळते, आणि पिनियन जास्त आत गेलेलं असून क्राऊन तेवढं दूर सरकवलं तरी मिळते. दोन दातांत अंतर किती, याचं उत्तर तो आकडा देतो. ते कुठे भेटतात, याचं उत्तर तो देत नाही. मी एका प्रश्नाचं बरोबर उत्तर घेऊन दुसरा प्रश्न सुटला असं मानलं.

गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला. मायकेल पोलान्यी मूळचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १९६६ मध्ये लिहिलं की आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण मेस्त्रीकाकांच्या बाबतीत मला हे पुरेसं वाटत नाही. त्यांचं ज्ञान मुकं नव्हतं. त्यांनी मला कारण सांगितलं होतं, पुरावा दाखवला होता, कंदील धरून दाखवला होता. आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे प्रत्यक्ष होतं, आणि शिम बदलून ठसा कसा सरकतो हे पाहणं म्हणजे अन्वय-व्यतिरेक. त्यांच्याकडे प्रमाण होतं. मला ते प्रमाण वाटलं नाही, कारण ते मालवणीत बोललेलं होतं आणि बोलणाऱ्याचे हात तेलाचे होते. हा ज्ञानशास्त्राचा प्रश्न नव्हता. माझ्या गर्वाचा होता.

आणि म्हणून मी म्हणतो, हा इतिहास अर्धाच लिहिला गेलाय. पेकर, स्टार्ली, ग्लीसन, वालचंद यांची नावं राहिली. ती राहायलाच हवीत. पण ज्यांनी ती युक्ती घाटरस्त्यांवर चालती ठेवली, त्यांची नाही. आता गोळाच्या गोळा बदलून मिळतो, कारखान्यात बसवलेला. काही वाईट नाही, काम लवकर होतं. विजेच्या ट्रकातही मागच्या आसावर बहुधा डिफरन्शियल असतोच, म्हणजे जोडीची गरज संपलेली नाही. पण ठसा वाचणारे हात कमी होत चाललेत. १९८१ मध्ये आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तेव्हापासूनचे आंबे किती, मासळी किती, हे कुठे ना कुठे लिहिलेलं सापडेल. ते वाहून नेणाऱ्या गाड्या कुणी उभ्या ठेवल्या, ते सापडणार नाही.

माझी विनंती एवढीच. तुमच्या गावात असा एखादा जुना मेस्त्री असेल तर त्याच्याकडे जा, फोन समोर ठेवा आणि त्याला काम करता करता बोलू द्या. त्याला मध्ये थांबवून पुस्तक वाचून दाखवू नका.

(प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न.)

प्रश्न : मग पुस्तकं आणि मापं यांचा उपयोग नाही, असं म्हणायचं का?

अजिबात नाही. पुढच्या आठवड्यात मेस्त्रीकाकांनी दुसरी जोडी बसवली तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. म्हणाले, पुस्तक घेऊन ये. पिनियनवरच्या त्या अधिक-उणे आकड्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचायला लावलं, दोनदा. मग शिम त्यांनी स्वतः पोलादी पत्र्यातून कापली. ढिलाई माझ्या डायल गेजनेच मोजली. शेंदूर मला लावायला दिला. ठसा मधोमध आला तेव्हा त्यांनी विचारलं, "आता कसो दिसता?" मी म्हटलं, "भेटले." ती जोडी गाडी विकेपर्यंत चालली.

पुस्तक त्यांना हवं होतं. त्या पुस्तकाआड मी लपलो होतो, ते त्यांना नको होतं. मला कळायला उशीर झाला. तुम्ही लवकर समजून घ्या.

थांबतो.